उजवा मंद आहे

चार महिने मी ट्रान्झिस्टर बदलत होतो आणि बिघाड ट्रान्झिस्टरमध्ये नव्हताच. बिघाड बायकोच्या उजव्या कानात होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण कुणाला ताटकळत ठेवायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही. तसं ते कोडंही नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाला आठ दिवसांत कळलं असतं. आम्हा दोघांना कळलं नाही, त्याला आमची काम करायची रीत कारणीभूत होती. म्हणून आधी ती रीत सांगतो.

मुरबाडला एसटी स्टँडपासून थोडं आत गेलं की आमचं घर आहे, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. दुकान म्हणजे एक लांब टेबल, वर टांगलेला दिवा आणि तीन भिंतींना लागून उघड्या पोटाची जुनी यंत्रं. एके काळी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो, मग टीव्ही. पुढे मोबाइल आले तेव्हा माझी बोटं जाड झाली होती आणि शिकायची हौस बारीक. पण या सगळ्यात अँप्लिफायर बनवायचं काम सुटलं नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या कितीतरी गावांत भजनाला, लग्नाला, सप्ताहाला माझ्या हातचे अँप्लिफायर वाजलेत. काही अजून वाजतात. काहींवर लोक चहाचे कप ठेवतात, तेही मी पाहिलंय.

हल्ली कुणी बनवून मागत नाही. फोनवर बोट दाबलं की तळहाताएवढा तयार बोर्ड घरी येतो आणि खरं सांगायचं तर तो वाईट वाजत नाही. मी आधी त्याला नावं ठेवायचो. आता तेवढाही उत्साह नाही. कुणी विचारलं तर सांगतो, घ्या, चांगला आहे.

तर ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर म्हणजे खिशातला रेडिओ नव्हे. अँप्लिफायरच्या आत बसतात ते तीन पायांचे छोटे नग. बारीक आवाज घेऊन मोठा करायचं काम त्यांचं. ते जोडीनं काम करतात, आणि एकाच कारखान्यातले, एकाच नावाचे, एकाच पाकिटातले दोन नग कधी सारखे निघत नाहीत. एक जास्त जोर करतो, दुसरा कमी. मग जास्त जोर करणारा तापतो, तापला की आणखी जोर करतो आणि शेवटी जळतो. त्याच्यामागून दुसराही जातो, कारण आता सगळं ओझं त्याच्यावर येतं. हे टाळायचं तर आधीच पाकिटातला एकेक नग मीटरवर मोजायचा, आकडा लिहायचा आणि जवळच्या आकड्यांच्या जोड्या लावायच्या. पन्नास नग मोजावेत तेव्हा चार-पाच जोड्या मनासारख्या मिळतात.

हे काम मला कधीच जमलं नाही. मी उतावळा माणूस. एकशे बेचाळीस आणि एकशे पन्नास? चालतंय, बसव. असं माझं. बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच वर्षी तिनं मला असं बसवताना बघितलं. तिचं माहेर म्हशाजवळ, भाताची शेती, तांदूळ निवडण्यात हात बसलेला. शाळा सातवीपर्यंत. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं मीटरचे आकडे वाचले आणि म्हणाली, "ह्ये दोन येक नाय."

"चालतंय गो."

"चालतंय म्हंजे काय? जुळतंय का नाय तेवडं सांगा."

त्या दिवसापासून मोजणं तिच्याकडे गेलं. थर्मोकोलच्या पाटीवर ती नग ओळीनं टोचून ठेवायची, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा. जोडी जुळली की दोघांच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका. एका जोडीला लाल, दुसरीला गुलाबी, तिसरीला तो चमचमणारा जांभळा. म्हशाच्या जत्रेतून दर वर्षी ती नेलपॉलिशच्या बाटल्या आणते आणि स्वतःच्या नखाला त्यातला थेंब लावत नाही. बाटल्या विकणारी बाई तिला म्हणायची, नवरा हौशी दिसतोय.

आणखी एक गोष्ट तिनंच शोधली. नग बोटांत धरून मोजला की आकडा हळूहळू चढतो. मी म्हणालो, मीटर जुना झालाय. ती म्हणाली, मीटर नाय, माजा हात गरम हाय. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला, त्यात नग धरला, वाट बघितली आणि आकडा जागच्या जागी थांबला. ही गोष्ट पुस्तकातही लिहिलेली आहे, पण पुस्तकं माझ्याकडे होती आणि चिमटा तिला सुचला. दोन वर्षं मी हे कबूल केलं नव्हतं.

मोजणं झालं, मी जोडणी केली, झाकण लावायच्या आधी शेवटची परीक्षा तीच घ्यायची. दुकानाच्या फरशीवर गेरूची एक खूण आहे. त्या खुणेवर स्टूल, समोर दोन बाजूंना दोन स्पीकरचे खोके, आणि मध्ये ती, डोळे मिटून, हात मांडीवर. मी एक ठरलेली टेप लावायचो. ती ऐकायची आणि सांगायची. डाव्यात कायतरी घासतंय. उजवा मागं मागं र्‍हातोय. पहिल्या वर्षी मी तिच्याशी वाद घातला. एकदा ती डाव्यात घासतंय म्हणाली, मी नाही म्हणालो, झाकण लावून माल दिला, आणि सप्ताहाच्या दुसर्‍या दिवशी लोक तो डोक्यावर घेऊन परत आले. डाव्या बोर्डावर सोल्डरचा एक टाका कच्चा राहिला होता. असं तीनदा झालं. त्यानंतर मी वाद सोडला. ती डावा म्हणाली की मी डावा उघडायचो, उजवा म्हणाली की उजवा. मीटर लावायच्या आधी तिचा कान लावायचो. गिर्‍हाइकंसुद्धा विचारायची, वहिनींनी ऐकलाय का?

टेबलाशी आमच्या जागा ठरलेल्या. ती डावीकडे, पाटी आणि मीटर घेऊन. मी तिच्या उजव्या हाताला, कारण सोल्डरिंगच्या इस्तरीचा प्लग त्या बाजूच्या भिंतीत आहे.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि शहापूरकडचे एक निवृत्त हेडमास्तर एसटीनं दुकानात आले. घरी एकटेच असतात, जुन्या तबकड्यांचं कपाट आहे, नीट ऐकायचं आहे म्हणाले. मी त्यांना तयार बोर्डाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "तो मलाही माहीत आहे. पण पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेला तुम्ही अँप्लिफायर दिला होता. तो मी रोज प्रार्थनेला ऐकत होतो. मला तसाच हवा आहे, फक्त दोन बाजूंचा, स्टिरिओ." मी हो म्हणायला नको होतं. डोळे पूर्वीसारखे नाहीत, मान आखडते, संध्याकाळपर्यंत पाठीचा लाकडाचा ओंडका होतो. पण कुणीतरी मागितलं याचंच मला इतकं बरं वाटलं की मी हो म्हणून बसलो.

माल आणायला कल्याणला गेलो. तिथूनच नाट लागायला सुरुवात झाली. हल्ली नगांचा भरवसा नाही. वर छापलेलं नाव नामांकित, आणि एक फोडून बघितला तर आत तिळाएवढा तुकडा, म्हणजे नकली माल. पन्नास आणले, बायकोनं मोजले, दोन जोड्या निघाल्या. पुन्हा गेलो. पुन्हा मोजले. दिवाळी आली तेव्हा कुठे दोन्ही बाजू भरतील इतके जुळलेले नग पाटीवर उभे राहिले.

दिवाळी झाली आणि ती चार दिवस माहेरी कापणीला गेली. परत आली ती सर्दी घेऊन. भाताची धूळ तिला सोसत नाही. आल्यावर पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "उजव्या कानाला दडा बसल्यासारका झालाय ओ. सकाळपास्नं."

मी इस्तरी हातात धरून होतो. टाका थिजायच्या आत बघायचा होता. मी वर न बघता म्हणालो, "वाफ घे."

तिनं वाफ घेतली. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. मी ते आता सबंध, शब्दन् शब्द, सांगू शकतो.

आठवड्यानं अँप्लिफायर उभा राहिला. मी टेप लावली, ती खुणेवर बसली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग म्हणाली, "उजवा मंद हाय."

मी उजवा बोर्ड उघडला. सगळे टाके पुन्हा दिले, दोन नग बदलले. उजवा मंद. जोडीच बदलली. उजवा मंद. जोडी जुळली नाही म्हणून एका बाजूचा आवाज कमी होत नाही, तो फाटतो, नाहीतर नग तापतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. बोर्ड तापत नव्हता. आवाज फाटत नव्हता. मीटर दोन्हीकडे सारखंच दाखवत होता. पण मीटरनं पूर्वीही दाखवलं होतं आणि माल डोक्यावरून परत आला होता. मीटरपेक्षा मी तिला धरून चाललो. नगच खोटे असतील म्हणून तिसर्‍यांदा कल्याणला गेलो, दुकानदाराशी भांडलो, दुसर्‍या दुकानातून आणले. ती मोजत होती, मी बसवत होतो, ती खुणेवर जाऊन बसत होती. डिसेंबर असा गेला.

याच दिवसांत ती मला उत्तर देईनाशी झाली. मी काही बोलावं आणि तिनं मान खाली घालून नग मोजत राहावं. आधी वाटलं रुसली. कशावरून, ते काही केल्या आठवेना. मग मलाही राग आला आणि मी बोलणं कमी केलं. जेवायला वाढ, पाणी दे, एवढ्यावर आलो. एक दिवस उजवा मंद पुन्हा ऐकल्यावर माझा तोल गेला. मी उठून तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "तुझे हात गरम असतात. चिमटा नीट धरत नाहीस. आकडे तूच चुकवतेस."

तिनं हात पुढे करून माझ्या हातावर ठेवले. थंडीचे दिवस, नुकतीच भांडी घासून आलेली. हात बर्फासारखे होते. मग ती आत गेली आणि आठ दिवस पाटीला शिवली नाही. ते आठ दिवस नग मी स्वतः मोजले, चिमट्यानं, घड्याळ लावून. एकशे बेचाळीसला एकशे बेचाळीस. आयुष्यात इतकं नीट काम मी केलं नव्हतं. नवव्या दिवशी तिला म्हणालो, बस. ती बसली. उजवा मंद.

मध्ये एकदा हेडमास्तर काम कुठवर आलं बघायला आले. मी त्यांनाच स्टुलावर बसवून टेप लावली. त्यांनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली. तरतरी आली त्यांच्या चेहर्‍यावर. "अहो, सुरेख आहे. आता काय राहिलंय?"

"उजवा मंद आहे सर."

"मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

मी हसलो. त्यांना म्हणालो, "सर, तुमचा कान वेगळा आणि हिचा वेगळा." मोठ्या तोर्‍यात म्हणालो. बायको दारात चहा घेऊन उभी होती. तिनं खाली बघितलं. मला वाटलं लाजली.

जानेवारीत म्हशाची जत्रा. दर वर्षी जातो तसे गेलो. बैलांच्या बाजाराकडून येताना गर्दीत ती दोन पावलं पुढे गेली आणि मी मागून हाक मारली, जवळजवळ तिच्या उजव्या खांद्याशी जाऊन. ती थांबली नाही. पुन्हा मारली. नाही. तिसर्‍यांदा मी तिचा दंड धरला आणि चार लोकांत ओरडलो, "बहिरी झालीस काय?"

लोक असंच म्हणतात. रागावल्यावर कुणीही असंच म्हणतं. ती दचकली आणि म्हणाली, "कवडा कल्ला हाय हितं, कसं ऐकू येनार?" कल्ला होता खरा. पाळणे, पिपाण्या, भोंगे. मी दंड सोडला.

त्याच जत्रेत मी एक जाड घोंगडी घेतली. तिला वाटलं अंगावर घ्यायला. पण माझ्या डोक्यात अँप्लिफायरच होता. जत्रेच्या आदल्या आठवड्यात मी शेवटचा उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या तारा उलट जोडून बघितल्या होत्या, जो खरं तर पहिला उपाय असायला हवा. डावा बोर्ड आता उजव्या खोक्याला. ती म्हणाली, उजवाच मंद. मग खोके उलट ठेवले. उजवाच मंद. म्हणजे बोर्ड नाही, खोकाही नाही. इथे तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हरकत नव्हती. पडला नाही. मी ठरवलं की दोष भिंतीचा. उजव्या भिंतीला खिडकी आहे, खिडकीला पत्र्याचं दार आहे, आवाज तिकडून बाहेर जात असणार. घोंगडी त्या भिंतीवर खिळे मारून टांगली. ती खुणेवर बसली, डोळे मिटले आणि या वेळी माझ्याकडे बघून म्हणाली, "वाईच बरा वाटतोय."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. पुढच्या दिवशी विचारल्यावर तिला खोटं टिकवता आलं नाही.

शिवरात्र होऊन गेल्यावर एका दुपारची गोष्ट. मी थकून नुसताच बसलो होतो, टेप आपली वाजत होती. ती तांदूळ निवडायला परात घेऊन आली. आत अंधार म्हणून दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसली, त्याच गेरूच्या खुणेजवळ, पण खोक्यांकडे पाठ. मी सवयीनं, आशा अशी काही नसताना, मोठ्यानं विचारलं, "आता कोणता मंद?"

परातीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, "उजवाच."

मी उजव्या खोक्याकडे हात नेला आणि थांबलो. ती दाराकडे तोंड करून बसली होती. तिचा उजवा म्हणजे आता तो खोका, जो इतके महिने तिच्या डाव्या हाताला होता आणि कधीच मंद नव्हता.

मी टेप बंद केली. टेबलावरची पकड उचलली, पायांचा आवाज न करता तिच्या मागे गेलो आणि उजव्या कानामागे वीतभर अंतरावर पकडीची दोन तोंडं एकमेकांवर हळूच आपटली. ती तांदूळ निवडत राहिली. एक खडा काढून बाजूला ठेवला. मी डाव्या बाजूला जाऊन तेच केलं.

"काय करताय ओ?" ती वळून म्हणाली.

मी समोर येऊन खाली बसलो. म्हणालो, "मशीन बरोबर आहे गो. तुला उजव्या कानानं ऐकू येत नाही."

तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती परातीत बोटं फिरवत राहिली. म्हणाली, "मला वाटलंवतं कदी कदी. सर्दी गेली तरी दडा सुटंना. फोन पन हिकडच्या कानाला लावते. पन म्हटलं मशीनच आसंल." मग म्हणाली, "म्हटलं मशीन आसंल तर तुमी नीट कराल."

दुसर्‍या दिवशी आम्ही जीपनं कल्याणला गेलो. कल्याणचे रस्ते मी गेल्या चार महिन्यांत इतके तुडवले होते की डोळे मिटून चाललो असतो. ट्रान्झिस्टरच्या दुकानांवरूनच कानाच्या डॉक्टरकडे जायची वाट आहे. तिथे तिला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होतो. ती डोळे मिटून, एक हात मांडीवर ठेवून बसली होती, अगदी गेरूच्या खुणेवर बसते तशी. बटण दाबलं जात होतं, दाबलं जात होतं, आणि मग दुसर्‍या कानाची पाळी आली तेव्हा अंगठा नुसता बटणावर टेकून राहिला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आवाज शोधत होती बिचारी.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. चौकटींच्या कागदावर दोन रेघा. डाव्या कानाची वरून सरळ गेलेली, उजव्याची पार खाली. त्या समजावून सांगू लागल्या, पण मला समजावायची गरज नव्हती. आयुष्यभर आम्ही दोन आकडे शेजारी ठेवून फरक बघत आलोय.

"कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या सर्दीपास्नं," बायको म्हणाली. "येका सकाळी येकदम दडा बसला."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. त्यांचा स्वर वाईट नव्हता, उलट त्या मवाळपणानंच बोलल्या. असा एकाएकी गेलेला कान पहिल्या आठ-पंधरा दिवसांत दाखवला तर औषधाचा उपयोग होऊ शकतो. सगळ्यांनाच होतो असं नाही. पण होऊ शकतो. आता चार महिने झाले. आता ती नस परत यायची आशा फारशी नाही. डावा कान जपा.

पहिले आठ-पंधरा दिवस. त्या दिवसांत मी काय करत होतो ते मला नीट माहीत होतं. मी उजवा बोर्ड उघडत होतो.

परतीच्या जीपमध्ये आम्हाला मागची बाकडी मिळाली. सवयीनं मी तिच्या उजव्या हाताला बसलो. गाडी शहराबाहेर पडली, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रिकामी शेतं सुरू झाली. मला इतका थकवा आला होता की वाटलं मुरबाड येऊच नये, गाडी अशीच चालत राहावी. मी म्हणालो, "माझं चुकलं गो."

ती समोर बघत होती. पदर सावरला आणि बाहेर बघू लागली. मला वाटलं रागावली, आणि रागावलीच पाहिजे. मग माझ्या ध्यानात आलं मी कुठल्या बाजूला बसलोय. पुन्हा म्हणायचं धैर्य मात्र झालं नाही. जीप भरलेली होती.

अँप्लिफायर पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांच्या घरी नेऊन दिला. काही बदललं नाही, बदलण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, वहिनींना एकदा घेऊन या, ऐकायला. मी बरं म्हणालो. माझ्याकडे आता जुळलेल्या नगांच्या दोन सबंध पाट्या आहेत, लाल, गुलाबी, जांभळे ठिपके लावलेल्या. इतका चोख माल माझ्याकडे कधी नव्हता आणि बनवायला मागणारं कुणी नाही. घोंगडी अजून भिंतीवरच आहे. काढू म्हणतो आणि राहून जातं.

गेल्या सोमवारी मात्र एक काम केलं. इस्तरीची तार लांबवली, प्लग काढून दुसर्‍या भिंतीत घेतला, दिवा हलवला आणि माझं स्टूल टेबलाच्या दुसर्‍या टोकाला, तिच्या डाव्या हाताला नेऊन ठेवलं. बसल्यावर सगळंच उलटं वाटलं. पकडीसाठी हात जायचा तिथे भिंत होती, कोपर मीटरला लागत होतं. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या जागी बसली. नव्या पाकिटातला एक नग चिमट्यात धरला. काम काहीच नव्हतं, तरी ती मोजायला बसली होती.

मी म्हणालो, "माझं चुकलं. तू दिवाळीत सांगितलंस तेव्हाच तुला न्यायला हवं होतं."

या वेळी तिला ऐकू आलं. मीटरवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुमचं कसलं? मी उजवा म्हटलं, तुमी उजवा उगडला. इतकी वर्सं तेच करत आलो ना आपन."

ती आकडा थांबायची वाट बघत होती.

"एकशे अडतीस," ती म्हणाली. "लिवा."

मी लिहिलं.